बोधनिक वर्तनोपचार

बोधनिक वर्तनोपचार : अपायकारक विचारसवयी ओळखून, त्यांची पुराव्याच्या आधारे तपासणी करून व वर्तनात योजनापूर्वक बदल घडवून मानसिक त्रास कमी करण्याची एक मानसोपचारपद्धती. ‘कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी’ या इंग्रजी नावाने व ‘सीबीटी’ या संक्षेपाने ती सर्वत्र ओळखली जाते. ‘बोधन’ या संज्ञेत जाणणे, अर्थ लावणे, आठवणे, अनुमान काढणे इ. मानसिक प्रक्रियांचा समावेश होतो. एखाद्या घटनेचा माणूस जो अर्थ लावतो त्यावर त्याची भावना व पुढील कृती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते आणि हा अर्थ तपासता व बदलता येतो, हे या पद्धतीचे आधारभूत गृहीतक होय. अवसाद (नैराश्य), चिंताविकृती, भयगंड, भयझटके, मंत्रचळ, आघातोत्तर ताणविकृती, निद्रानाश इ. तक्रारींवर ती वापरली जाते. मानसोपचारांच्या विविध पद्धतींपैकी सर्वाधिक नियंत्रित संशोधन हिच्याविषयी झालेले आहे.

पूर्वपीठिका : घटनांपेक्षा घटनांविषयीची आपली मते आपल्याला अधिक अस्वस्थ करतात, हा विचार प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक परंपरेत, विशेषतः एपिक्टीटस या तत्त्वज्ञाच्या शिकवणुकीत, स्पष्टपणे आढळतो. मनाला उद्देशून बोलण्याची परंपरा मराठी संतवाङ्‌मयातही समृद्ध असून समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. तथापि अशा साम्यावरून आधुनिक उपचारपद्धतीचे मूळ तेथे शोधणे योग्य ठरणार नाही. संतांच्या उपदेशाचे उद्दिष्ट पारमार्थिक असून त्यात मनाला मार्ग दाखविला जातो. या उपचारपद्धतीत मात्र आजारी माणसाला कोणताही मार्ग आयता दिला जात नाही. त्याच्या विचारांकडे एक कच्चे अनुमान म्हणून पाहून ते अनुभवाच्या कसोटीला लावले जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य मानसोपचारावर दोन विचारप्रणालींचा प्रभाव होता. मनोविश्लेषणवादी मानसिक विकृतींची कारणे अबोध मनातील संघर्षांत शोधीत. वर्तनवादी केवळ निरीक्षणीय वर्तनाचाच विचार करीत. दक्षिण आफ्रिकेतील जोझेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये आपल्या ग्रंथात भयगंडावरील क्रमिक उपचार मांडल्यानंतर वर्तनोपचाराला मोठी चालना मिळाली. मात्र अवसादग्रस्ताच्या मनात सतत घोळणाऱ्या आत्मनिंदेचे काय करावे, याचे पुरेसे उत्तर त्या उपचारात नव्हते.

ते उत्तर दोन अमेरिकनांनी जवळजवळ एकाच काळात, परंतु वेगवेगळ्या वाटांनी शोधले. ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) या मानसशास्त्रज्ञांनी मनोविश्लेषणाचा त्याग करून १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली. १९९३ मध्ये तिला ‘विवेकनिष्ठ भावनिक वर्तनोपचार’ या अर्थाचे सध्याचे नाव मिळाले. तिचा ‘ए-बी-सी’ हा आराखडा प्रसिद्ध आहे. ‘ए’ म्हणजे घटना, ‘बी’ म्हणजे तीविषयीची धारणा आणि ‘सी’ म्हणजे भावनिक व वार्तनिक परिणाम. ‘ए’मुळे ‘सी’ उद्‌भवतो असे वाटत असले, तरी मधला ‘बी’ निर्णायक असतो. माणूस आपल्या इच्छांचे हट्टात रूपांतर करतो, हे एलिस यांच्या मते दुःखाचे प्रमुख कारण होय. हा भेद मराठीत ‘च’ या एका अव्ययाने नेमका दाखविता येतो. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा आहे. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ हा हट्ट आहे. पहिलीचा भंग झाल्यास खेद होतो. दुसऱ्याचा भंग झाल्यास माणूस कोसळतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मनोविकारतज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी मनोविश्लेषणाचे रीतसर शिक्षण घेतले होते. अवसाद म्हणजे स्वतःकडे वळलेला क्रोध, हा मनोविश्लेषणाचा सिद्धांत पडताळून पाहण्यासाठी त्यांनी अवसादग्रस्तांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. त्यांत क्रोधाऐवजी हानी, अपयश व वंचना यांचीच चित्रे प्रामुख्याने आढळली. पुढे उपचारांच्या बैठकींत त्यांच्या असेही लक्षात आले, की रुग्ण मोकळेपणाने बोलत असताना त्याच्या मनात विचारांचा दुसरा एक प्रवाह अबोलपणे वाहत असतो. आपल्या बोलण्याने डॉक्टर कंटाळले असतील, असे एका रुग्ण स्त्रीला सतत वाटत होते आणि तिच्या अस्वस्थतेचे कारण त्या विचारात होते. अशा विचारांना बेक यांनी ‘स्वयंचलित विचार’ म्हटले. १९६१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवसादाची तीव्रता मोजणारी २१ घटकांची शोधिका प्रसिद्ध केली. १९६३ मध्ये अवसादातील विचारदोषांवरील त्यांचा निबंध व १९७९ मध्ये सहकाऱ्यांसमवेत लिहिलेला अवसादाच्या बोधनिक उपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथामुळे उपचाराच्या पायऱ्या निश्चित झाल्या. त्या इतरांना शिकविता येऊ लागल्या आणि त्यांचे मूल्यमापनही शक्य झाले. पुढे वर्तनोपचार व बोधनिक उपचार यांचा संगम होऊन प्रस्तुत पद्धतीला तिचे रूप प्राप्त झाले.

विचारांचे तीन स्तर : बेक यांच्या मांडणीप्रमाणे अपायकारक विचार तीन स्तरांवर वावरतात. सर्वांत वरच्या स्तरावर स्वयंचलित विचार असतात. ते क्षणार्धात येतात, बहुधा त्रोटक शब्दांत किंवा एखाद्या चित्राच्या रूपाने येतात आणि येताक्षणी खरे वाटतात. त्यांच्या खाली जगण्याचे नियम व गृहीतके असतात, उदा., ‘चूक झाली, की लोक दूर करतात, म्हणून चूक होता कामा नये’. सर्वांत तळाशी ‘मी नालायक आहे’, ‘जग धोकादायक आहे’ यांसारख्या मूलधारणा असतात. त्या बहुधा बालपणीच्या अनुभवांतून घडतात, दीर्घकाळ सुप्त राहतात आणि त्यांच्याशी जुळणारा प्रसंग घडताच जागृत होतात. अवसादात स्वतः, जग व भविष्यकाळ या तिन्हींविषयीचे विचार काळवंडतात. यास बेक यांनी ‘बोधनिक त्रयी’ म्हटले आहे. या तिहींपैकी भविष्याविषयीची आशाहीनता सर्वांत गंभीर होय, कारण आत्महत्येच्या विचारांशी तिचा निकटचा संबंध आढळतो.

विचारदोष : पुराव्याकडून निष्कर्षाकडे जाताना मन ज्या ठरावीक चुका करते, त्यांना विचारदोष म्हणतात. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे : (१) टोकाचा विचार : संपूर्ण यश किंवा संपूर्ण अपयश एवढ्या दोनच शक्यता मानणे. (२) अतिसामान्यीकरण : एका प्रसंगावरून ‘नेहमी’ व ‘कधीच नाही’ असे सिद्धांत मांडणे. (३) निवडक अवधान : दहा अनुकूल गोष्टी वगळून एका प्रतिकूल गोष्टीवर लक्ष खिळविणे. (४) परचित्तवाचन : दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळले, असे पुराव्यावाचून समजणे. (५) अनर्थकल्पना : संभाव्य परिणामांपैकी सर्वांत वाईट तोच निश्चित मानणे. (६) भावनाप्रामाण्य : ‘मला अपराधी वाटते, अर्थी मी अपराधी आहे’ अशा प्रकारे भावनेलाच पुरावा मानणे. (७) शिक्का मारणे : ‘माझी चूक झाली’ याऐवजी ‘मी मूर्ख आहे’ असे म्हणणे. (८) आत्मारोपण : ज्यांवर आपला ताबा नव्हता अशा घटनांचा दोष स्वतःकडे घेणे. हे दोष निरोगी माणसांच्या विचारांतही आढळतात. मानसिक विकृतीत ते वारंवार घडतात आणि त्यांना दुरुस्त करणारा अनुभव माणसापर्यंत पोचेनासा होतो, एवढाच महत्त्वाचा फरक आहे.

उपचाराचे स्वरूप : उपचार साधारणपणे १२ ते २० बैठकींत पूर्ण होतो, बैठक बहुधा आठवड्यातून एकदा व पाऊण ते एक तासाची असते. प्रारंभी समस्या व उद्दिष्टे लेखी स्वरूपात निश्चित करतात. प्रत्येक बैठकीचा कार्यक्रम उपचारक व रुग्ण मिळून ठरवितात आणि दोन बैठकींच्या मधल्या काळासाठी गृहपाठ दिला जातो. उपचारकाने रुग्णाशी वाद घालून जिंकणे अपेक्षित नसते. सॉक्रेटीसच्या रीतीने प्रश्न विचारीत त्याने रुग्णाला स्वतःच्या विचाराचा शोध घ्यावयास लावावयाचे असते. या सहकार्याला बेक यांनी ‘सहयोगी अनुभववाद’ या अर्थाची संज्ञा योजली.

विचारनोंद हे उपचाराचे प्रमुख साधन होय. तिच्यात प्रसंग, भावना, स्वयंचलित विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, त्याच्या विरुद्धचा पुरावा, पर्यायी विचार व अखेरची भावना असे रकाने असतात. उदाहरणार्थ, बँकेत आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका रोखपालाच्या हिशेबात दिवसअखेर ५०० रुपये कमी भरतात. ‘माझ्या हातून काहीच धड होत नाही, आता सगळे मला नालायक समजतील’ असा विचार त्याच्या मनात येतो. त्यावरील विश्वास तो ९० टक्के व खिन्नता ८० टक्के अशी नोंदवितो. विचाराच्या बाजूचा पुरावा एवढाच, की मेळ चुकला आणि पूर्वीही एकदा तो चुकला होता. विरुद्ध बाजूस आठ महिन्यांत बिनचूक जुळलेले इतर सर्व दिवस आहेत. शिवाय ज्येष्ठ रोखपालांच्या हातूनही कधीमधी अशी चूक झालेली आहे व त्याने त्यांना कधी नालायक मानलेले नाही. हीच चूक सहकाऱ्याच्या हातून झाली असती, तर त्याला आपण काय म्हटले असते, हा प्रश्न येथे विशेष उपयोगी पडतो. यातून निघणारा पर्यायी विचार असा : ‘आज मेळ चुकला. रक्कम भरावी लागेल व ते जड जाईल. गर्दीच्या वेळी नोटा दुसऱ्यांदा मोजण्याची सवय मला लावून घेतली पाहिजे. दोन चुकांवरून मी नालायक ठरत नाही.’ मूळ विचारावरील विश्वास ४० टक्क्यांवर येतो. खिन्नता कमी होते, पण नाहीशी होत नाही. पर्यायी विचारात झालेली चूक व तिची भरपाई नाकारलेली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. चुकीपेक्षा मोठा झालेला तिचा अर्थ तेवढा मापात आणलेला आहे.

केवळ कागदावरील तपासणी पुरेशी नसते. त्यामुळे विचाराला भाकीत मानून ते प्रत्यक्षात पडताळतात. यास वर्तनप्रयोग म्हणतात. वरील उदाहरणातील रोखपाल लाजेमुळे सहकाऱ्यांसोबत डबा खाण्याचे टाळू लागला असेल, तर त्याने त्यांच्यात बसून त्यांच्या उमेदवारीच्या काळातील अनुभव विचारावेत, असे ठरविता येते. काय घडेल याचे भाकीत आधी लिहून ठेवावयाचे व प्रत्यक्षात काय घडले ते नंतर नोंदवावयाचे. चिंताविकृतींमध्ये टाळाटाळ व ‘सुरक्षावर्तन’ यांना मोठे महत्त्व आहे. भयझटक्यात छातीतील धडधड म्हणजे हृदयविकाराचा झटका असा अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते व भीतीने धडधड वाढते, असे दुष्टचक्र डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले. रुग्ण अशा वेळी खाली बसतो किंवा कोणाचा तरी हात धरतो. झटका आपोआप ओसरतो, परंतु हात धरल्यामुळेच आपण वाचलो असे त्याला वाटते आणि चुकीची धारणा कायम राहते. वैद्यकीय तपासणीत हृदयविकार नसल्याची खात्री झाल्यानंतर, आधार सोडून ती धडधड अनुभवणे हा येथील निर्णायक प्रयोग ठरतो. मंत्रचळातही, भीतिदायक वस्तूस सामोरे जाऊन धुण्या-तपासण्याची कृती रोखणे हा उपचाराचा मुख्य भाग असतो. तीव्र अवसादात मात्र आरंभ वर्तनापासून करतात. उत्साह येण्याची वाट न पाहता दिवसाचे वेळापत्रक आखून लहान, अर्थपूर्ण कामे हाती घेतली जातात, कारण अवसादात बहुधा कृती आधी होते व उत्साह मागाहून येतो. यास वर्तनसक्रियण असे म्हणतात.

परिणामकारकता : १९७७ मध्ये ४१ अवसादग्रस्त बाह्यरुग्णांवर झालेल्या चाचणीत बोधनिक उपचार व इमिप्रामीन हे औषध यांची तुलना करण्यात आली आणि १२ आठवड्यांच्या अखेरीस बोधनिक उपचार अधिक गुणकारी आढळला. औषधाशी बरोबरी करू शकणारा मानसोपचार म्हणून त्याच्याकडे लक्ष वेधले गेले ते यामुळे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात मात्र तीव्र अवसादात औषधाचा लाभ अधिक स्पष्ट दिसून आला. उपचार संपल्यानंतर टिकणारा परिणाम हे या पद्धतीचे बलस्थान होय. २००५ मधील एका अभ्यासात, बरे झालेल्या रुग्णांपैकी औषध थांबविलेल्या गटात वर्षभरात सु. ७६ टक्क्यांना अवसाद उलटला. बोधनिक उपचार पूर्ण केलेल्या गटात हे प्रमाण सु. ३१ टक्के होते. त्याच वर्षी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १२० व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा बैठकींचा बोधनिक उपचार मिळालेल्या गटात १८ महिन्यांत सु. २४ टक्के व्यक्तींनी पुन्हा प्रयत्न केला, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण सु. ४२ टक्के होते. आशाहीनतेच्या विचारांची तपासणी हा केवळ बौद्धिक व्यायाम नसून तिच्याशी जीवितरक्षणाचा संबंध आहे, हे यावरून ध्यानात येते.

परिणाम नेमका कशाने होतो, याविषयी मतभेद आहेत. नील जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उपचाराचे घटक वेगळे करून पाहिले असता, केवळ वर्तनसक्रियण मिळालेले अवसादग्रस्त संपूर्ण बोधनिक उपचार मिळालेल्यांइतकेच सुधारलेले आढळले. विचार बदलल्याने वर्तन बदलते की वर्तन बदलल्याने विचार बदलतो, हा प्रश्न त्यामुळे खुला राहिला आहे. पुढील काळात विचाराचा आशय बदलण्यापेक्षा विचाराशी असलेले नाते बदलण्यावर भर देणारे प्रवाह उदयास आले. मार्शा लिनेहन यांचा द्वंद्वात्मक वर्तनोपचार, स्टीव्हन हेझ यांचा स्वीकार व बांधिलकी उपचार आणि सजगतेवर आधारित बोधनिक उपचार हे त्यांपैकी प्रमुख होत. विचार हा केवळ विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, असे त्याच्याकडे अलिप्तपणे पाहण्यास यांत शिकवितात.

भारतातील प्रसार : एलिस यांच्या पद्धतीचा महाराष्ट्रात विशेष प्रसार झाला. मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी तिचे अध्ययन, प्रशिक्षण व मराठीतून लेखन यांस दीर्घकाळ वाहून घेतले. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहारही होता. अंजली जोशी यांनी मी अल्बर्ट एलिस या पुस्तकातून एलिस यांचे जीवन व विचार मराठी वाचकांपुढे ठेवले. १९९० मध्ये ठाणे येथे स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या माध्यमातून आनंद नाडकर्णी यांनी विवेकनिष्ठ विचारपद्धती सर्वसामान्यांपर्यंत नेली.

प्रशिक्षित मानसोपचारतज्ञांची वाण ही भारतातील मुख्य अडचण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अवसादग्रस्तांपैकी सु. ८५ टक्के व्यक्ती उपचाराबाहेर असल्याचे आढळले. या अडचणीवर दक्षिण आशियातच एक मार्ग शोधला गेला. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान व सहकाऱ्यांनी गावपातळीवरील आरोग्यसेविकांना बोधनिक वर्तनोपचाराची सोपी तंत्रे शिकविली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी अशा सेविकांच्या देखरेखीखालील मातांपैकी २३ टक्के, तर तुलनागटातील ५३ टक्के माता अवसादग्रस्त होत्या. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पूर्वपीठिका नसलेल्या समुपदेशकांकरवी वर्तनसक्रियणावर आधारलेला सहा ते आठ बैठकींचा उपचार योजला. तीव्र अवसाद असलेल्या ४९५ व्यक्तींवरील या अभ्यासात तीन महिन्यांनी अवसादमुक्त झालेल्यांचे प्रमाण उपचारगटात ६४ टक्के व तुलनागटात ३९ टक्के आढळले. योग्य प्रशिक्षण व देखरेख असल्यास या पद्धतीचा गाभा सामान्य शिक्षण झालेल्या व्यक्तीलाही हाताळता येतो, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

मर्यादा : ‘चांगला विचार करा, म्हणजे चांगले होईल’ हा या पद्धतीविषयीचा प्रचलित समज चुकीचा आहे. निराधार आशावाद हाही एक विचारदोषच होय. तसेच सर्व दुःख विचारदोषांतून उद्‌भवत नाही. कर्जबाजारीपणा, घरातील हिंसा, जातीवरून होणारी अवहेलना किंवा जिवलगाचा मृत्यू यांच्या प्रसंगी माणसाचा विचार बहुधा यथार्थ असतो. अशा वेळी व्यवहारी मदत, कायद्याचे संरक्षण किंवा शोकाला लागणारा अवधी यांची गरज असते. अन्यायाने ग्रासलेल्याला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ असे सांगणे हा उपचाराचा दुरुपयोग ठरतो. छिन्नमानस, द्विध्रुवी भावविकृती व अतितीव्र अवसाद यांत हा उपचार औषधांना पूरक असतो. तो औषधांची जागा घेऊ शकत नाही.

विचारनोंद, दिनक्रमाचे नियोजन व लहान वर्तनप्रयोग ही तंत्रे सौम्य त्रासात स्वतःच्या स्वतः वापरता येतात. नोंद लेखी ठेवणे, एका वेळी एकच प्रसंग घेणे व काही आठवडे सातत्य राखणे, एवढी पथ्ये त्यासाठी पाळावी लागतात. मात्र झोप, भूक व दैनंदिन कामकाज यांवर दोन आठवड्यांहून अधिक काळ परिणाम झाल्यास तज्ञाचा सल्ला घ्यावा आणि जीवन संपविण्याचे विचार येऊ लागल्यास तो तत्काळ घ्यावा. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीसह विविध भारतीय भाषांतून विनामूल्य दूरध्वनी-समुपदेशन मिळते.